एकट्याने चालवलेले सॉफ्टवेअर ४३ गाळ्यांवर अडले आहे : पुढची वाढ कशी करावी?

नेरूळचा_विकसक

नमस्कार. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतील भाजीपाला आणि फळ बाजारांतल्या आडत्यांसाठी, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी, मी पट्टीचे सॉफ्टवेअर तयार केले असून गेले बावीस महिने ते एकट्याने विकतो आहे. ज्यांचा बाजाराशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेतकऱ्याचा माल गाळ्यावर उतरतो, विकला जातो, विक्रीच्या रकमेतून गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा होते आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याला कळवणारा जो कागद निघतो त्याला पट्टी म्हणतात. २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्यावरची आडत, म्हणजे आडत्याचे कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा नियम राज्यात आला. बाहेरच्या राज्यांत तयार झालेली जी सॉफ्टवेअरे मी त्या वेळी तपासली, त्यांत आडत शेतकऱ्याच्याच बाजूला धरलेली होती आणि ती रचना बदलण्याची सोय नव्हती. या कामाची कल्पना मला तिथेच सुचली.

आज ४३ गाळे हे सॉफ्टवेअर वापरतात. वर्षाची वर्गणी ४,८०० रुपये आहे, म्हणजे वर्षाचे उत्पन्न २,०६,४०० रुपये. सर्व्हर, संदेश आणि इतर किरकोळ खर्च महिन्याला चार हजारांच्या आसपास जातो. नोकरी सोडून मला चौदा महिने झाले आहेत. घर सध्या पत्नीच्या पगारावर चालते आणि माझी बचत येत्या दिवाळीपर्यंत पुरेल.

अडचण अशी की गेले आठ महिने हा आकडा ४० ते ४५ यांच्या मध्येच फिरतो आहे. दर महिन्याला दोन-तीन नवे गाळे येतात आणि जवळपास तितकेच जुने बंद होतात. मध्यंतरी तीन महिने गूगल आणि फेसबुकवर जाहिराती दिल्या आणि त्यांवर ६२,००० रुपये खर्च केले. ३११ जणांनी चौकशीचा अर्ज भरला. त्यातले बहुतेक जण आजचा बाजारभाव विचारणारे होते, काही नोकरी शोधणारे होते आणि खरे आडते मोजके होते. त्यातून नऊ डेमो झाले, एक ग्राहक मिळाला आणि तोही दोन महिन्यांत वापर थांबवून गेला.

बाहेरचे भांडवल घ्यायचे नाही हे मी ठरवले आहे, कारण हा बाजार मर्यादित आहे आणि गुंतवणूकदाराला ज्या वेगाने परतावा लागतो तो वेग इथे मिळणार नाही. मग एकट्या माणसाने वाढ कुठून आणायची? जाहिरात सुधारून पाहावी, पुण्या-नाशिकच्या बाजारांत जावे, की आणखी सुविधा जोडाव्यात? ज्यांनी स्वतःच्या पैशांवर असे छोटे उत्पादन चालवले आहे त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

हिशेबनीस_वाशी

मी सेक्टर १७ मध्ये लेखा आणि करसल्ल्याचे काम करतो आणि बाजारातले काही गाळे माझे ग्राहक आहेत, म्हणून लिहितो. आपली किंमत फार कमी आहे. ४,८०० रुपये म्हणजे दिवसाला तेरा रुपये. गाळ्यावर एका सकाळी चहाचाच खर्च याहून अधिक होतो. समजा आपण वर्षाला १२,००० रुपये घेतलेत, तर केवळ १७ गाळ्यांतून २,०४,००० रुपये मिळतात, म्हणजे आज ४३ गाळे सांभाळून जे मिळते तेवढेच. एकट्या माणसाजवळ पैशापेक्षाही फोन उचलण्याचे तास कमी असतात आणि सतरा गाळ्यांचे फोन त्रेचाळीस गाळ्यांपेक्षा नक्कीच कमी येतात.

कराची एक बाब आपल्या ध्यानात आहे का? शेतमालाच्या खरेदी-विक्रीसाठी आडत्याने दिलेली सेवा जीएसटीतून मुक्त आहे आणि ताज्या भाज्या-फळांवरही कर नाही. त्यामुळे आपण नोंदणी करून बिलावर १८ टक्के लावलेत, तर आपल्या ग्राहकाला त्याचे इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही आणि १२,००० ची वस्तू त्याला खरोखरच १४,१६० रुपयांना पडते. एखाद्या कारखान्याला सॉफ्टवेअर विकणाऱ्याला हा फरक जाणवत नाही, आपल्याला जाणवेल. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वार्षिक २० लाखांची आहे, तोपर्यंत केवळ मोठे दिसण्यासाठी स्वेच्छेने नोंदणी करू नये असे माझे मत आहे. मात्र परदेशी कंपनीकडून थेट सेवा विकत घेत असाल, तर उलट आकारणीचा, म्हणजे विक्रेत्याऐवजी खरेदीदाराने कर भरण्याचा, प्रश्न येतो. तो आपल्या सनदी लेखापालासमोर बसून सोडवावा, कारण मर्यादेच्या आत असतानाही त्यामुळे नोंदणी लागू शकते.

दुसरे, मासिक वर्गणीच्या मोहात पडू नये. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आवर्ती रक्कम खात्यातून वळती होण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते. १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही हे खरे, पण बारा वेळा सूचना जाणे म्हणजे ‘हे चालू ठेवायचे का’ हा प्रश्न बारा वेळा विचारणे. वर्षाची रक्कम एकदा घ्यावी, पावती द्यावी आणि वर्षभर काम करावे.

घोडबंदरकर

माझे उत्पादन मी गेल्या वर्षी बंद केले, म्हणून यशाचा सल्ला देण्याचा मला अधिकार नाही. चूक कुठे झाली ते मात्र सांगू शकतो. मी वाहतूकदारांसाठी गाड्यांच्या फेऱ्यांचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर केले होते. पंचवीस छोटे ग्राहक होते आणि मग एक मोठा ग्राहक आला. त्याच्या मागण्या पुरवता पुरवता सात महिने गेले. प्रत्येक मागणी वाजवी वाटत होती, प्रत्येकीचे वेगळे पैसेही मिळत होते, पण त्या काळात छोट्या ग्राहकांचे फोन मी दुसऱ्या दिवशी घेऊ लागलो. माझ्या उत्पन्नातला साठ टक्के वाटा एकाच ठिकाणाहून येत होता, आणि त्यांनी स्वतःची यंत्रणा बसवण्याचे ठरवल्यावर दोन महिन्यांत सगळे संपले. छोट्यांपैकी नऊच उरले होते.

‘आणखी सुविधा जोडाव्यात का’ हा आपला प्रश्न वाचून म्हणूनच मला काळजी वाटली. बंद झालेल्या गाळ्यांना आपण कारण विचारले आहे का? झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचे उदाहरण आपल्याकडे नेहमी दिले जाते. १९९६ पासून बाहेरचे भांडवल न घेता ती कंपनी वाढली हे खरे आहे, पण तिथे काम वाटून घेणारी माणसे होती. आपल्यासारख्याने नवी सुविधा हातात घेतली की जुन्या ग्राहकाच्या वाट्याचा वेळ तिच्यात जातो.

नेरूळचा_विकसक

दोघांचेही आभार. किमतीबाबत मला भीती वाटते. गाळे सोडून जातात ते पैशामुळेच, असा माझा समज आहे. नूतनीकरणाच्या वेळी फोन केला की ‘सध्या धंदा मंदा आहे, पुढच्या महिन्यात बघू’ हेच उत्तर मिळते. अशा वेळी दर अडीचपट केला तर उरलेलेही जातील. घोडबंदरकर, कारण मी विचारले होते, पण फोनवर. कोणीही नीट सांगत नाही.

फळबाजार_गाळा

मी आडत्याच्या घरातला आहे. वडील आणि काका गाळा पाहतात, मी तीन वर्षांपासून त्यांच्यासोबत आहे. आपलेच सॉफ्टवेअर होते की दुसऱ्या कोणाचे ते इथे लिहीत नाही, पण पट्टीचे एक सॉफ्टवेअर आम्हीही घेऊन सोडले, आणि पैसे हे त्याचे कारण नव्हते. फोनवर आम्हीही ‘धंदा मंदा आहे’ असेच सांगितले होते, कारण खरे कारण सांगायचे तर आमच्या मेहताजींबद्दल, म्हणजे गाळ्यावर हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाबद्दल, बोलावे लागले असते आणि ते तीस वर्षे आमच्याकडे आहेत.

पहाटे माल उतरत असतो, खरेदीदार समोर उभे असतात, एक जण भाव सांगत असतो, दुसरा उधारी सांगत असतो. त्या वेळी मेहताजी मोबाइलवर यादीतून ‘सीताफळ’ शोधत बसू शकत नाहीत. ते कार्बन घातलेल्या वहीवर लिहीत आणि दुपारी घरी जाऊन तेच पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये भरत. एकाचे दोन काम झाले. दोन महिन्यांनी त्यांनी भरणे थांबवले आणि आम्हीही आग्रह धरला नाही.

दुसरे कारण विश्वासाचे होते. शेतकऱ्यांची नावे आणि फोन नंबर हेच आमचे भांडवल आहे. देवगडचा एखादा बागायतदार कोणत्या गाळ्याला किती पेट्या पाठवतो ही माहिती शेजारच्या गाळ्याला समजली, तर पुढच्या वर्षी त्याच्या दारात माणूस उभा राहतो. सॉफ्टवेअरवाला आज आमच्याकडे, उद्या शेजारी, परवा समोर. काकांनी त्याला सरळ विचारले होते की ही माहिती तुम्हाला दिसते का. तो म्हणाला, ‘आमचा सर्व्हर अगदी सुरक्षित आहे.’ प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते.

आणि नूतनीकरणाचा फोन आम्हाला जुलैमध्ये आला होता. आंब्याचा हंगाम जूनच्या सुरुवातीला आटोपतो. जुलैमध्ये आमच्या गाळ्यावर पैसे मागायला येणे म्हणजे पेरणीनंतर बियाणे विकायला जाण्यासारखे आहे.

हिशेबनीस_वाशी

वरचा प्रतिसाद आपण छापून भिंतीवर लावावा असे मला वाटते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची सुरुवात १९८६ च्या सुमारास झाली ती गोएंका पितापुत्रांनी स्वतःच्या व्यवसायाच्या हिशेबाची गरज समोर ठेवल्यामुळे. ज्याला रोज आकडे भरायचे आहेत तो माणूस त्यांच्या घरातच होता. आपला माणूस पहाटे चार वाजता तुर्भ्यातल्या बाजारात असतो.

नेरूळचा_विकसक

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. या काळात मी एकही ओळ कोड लिहिला नाही. पाम बीच रस्त्याने दुचाकीवरून पहाटे साडेतीनला निघायचे आणि सहा वेगवेगळ्या गाळ्यांवर, त्यातल्या चार माझे सॉफ्टवेअर सोडलेल्या, एका कोपऱ्यात नुसते उभे राहायचे, एवढेच केले.

जे पाहिले ते लिहून ठेवतो. एका गाळ्यावरचे मेहताजी साठीच्या पुढचे असावेत. त्यांच्या मांडीवर पट्टीची वही, दोन कागदांमध्ये निळा कार्बन, उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळीची कड कार्बनने काळी झालेली. काट्यावरचा माणूस वजन ओरडतो, हे न पाहता लिहितात. मी घड्याळ लावून मोजले, त्यांची एक पट्टी सरासरी ४० सेकंदांत होत होती. मग त्यांनी माझ्या आग्रहाखातर एक पट्टी मोबाइलवर केली. शेतकऱ्याचे नाव शोधणे, माल निवडणे, प्रत निवडणे, वजन, भाव, भाडे, हमाली : दोन मिनिटे दहा सेकंद. मधल्या वेळात काट्यावरून तीन वजने ओरडून झाली होती आणि ती त्यांच्या लक्षात राहिली, माझ्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. बावीस महिने मी दुपारी दोन वाजता, रिकाम्या गाळ्यावर, पंख्याखाली बसून डेमो देत होतो. त्या वेळी सगळ्यांनाच ते आवडत होते.

आता मालाच्या यादीऐवजी आकड्यांचे संकेत करतो आहे. भेंडी १२, गवार १३, फ्लॉवर २१ असे. नियमित शेतकऱ्यालाही तीन अंकी क्रमांक. पडद्यावर फक्त मोठे अंक असतील आणि सगळी पट्टी अंकांतच भरता येईल. संकेतांचा तक्ता काट्याजवळ चिकटवायला देणार आहे. पहिल्या चाचणीत त्याच मेहताजींना चौथ्या दिवशी ५५ सेकंद लागले आणि त्यांनी तक्त्याकडे पाहणे थांबवले होते.

चरई_ठाणे

हा धागा मी पहिल्यापासून वाचते आहे. माझे सॉफ्टवेअर फिजिओथेरपिस्टांसाठी आहे. भेटींच्या वेळा, दहा बैठकांच्या पॅकेजमधल्या किती झाल्या किती उरल्या, आणि विम्यासाठी लागणाऱ्या पावत्या, एवढेच ते करते. पाच वर्षे झाली, सध्या १३० दवाखाने आहेत आणि त्यावर माझे घर चालते. नौपाड्यातल्या एका दवाखान्यापासून सुरुवात केली होती.

जाहिरातीबद्दल माझा अनुभव आपल्यासारखाच होता. ज्याचा उपयोग झाला तो सांगते. रुग्ण विम्यासाठी पावती मागतो तेव्हा डॉक्टर गूगलवर पावतीचा नमुना शोधतात, सॉफ्टवेअर शोधत नाहीत. मी असे अकरा नमुने तयार करून वेबसाइटवर विनामूल्य ठेवले : पावती, बैठकांचे पत्रक, संमतीपत्र, घरी करायच्या व्यायामांचा कागद. प्रत्येक पानावर तो कागद कसा भरायचा हे नीट लिहिले. पहिले पाच महिने काहीही घडले नाही. सहाव्या महिन्यापासून आठवड्याला एखादी चौकशी येऊ लागली आणि आज माझे निम्म्याहून अधिक ग्राहक त्या पानांवरून येतात. आपल्याकडे आडते काय शोधतात याचा विचार करा. बहुधा ते काहीच शोधत नसतील आणि मग ही वाट आपल्यासाठी नाही. तेही मान्य करून टाकावे, कारण दुसऱ्याच्या व्यवसायात चाललेली युक्ती आपल्याकडे आणून राबवण्यात एक वर्ष सहज जाते.

मात्र एक गोष्ट कोणत्याही व्यवसायात लागू पडेल. माझ्याकडे विकत घेतल्यानंतर पहिल्या पंधरा दिवसांत ज्यांनी वीस रुग्ण भरले ते जवळजवळ सगळे टिकले आणि ज्यांनी पाचच भरले ते नूतनीकरणाला गेले. म्हणून मी तिसऱ्या, सातव्या आणि बाराव्या दिवशी स्वतः फोन करते. विक्रीबद्दल बोलत नाही, ‘काल किती रुग्ण भरले, कुठे अडले’ एवढेच विचारते. नव्या ग्राहकामागे लागण्यापेक्षा या तीन फोनांनी माझा आकडा अधिक वाढवला. आपल्या जागी मी असते तर पहिल्या पंधरा दिवसांतल्या पट्ट्या रोज मोजल्या असत्या.

पाचपाखाडी

मी थोडी वेगळी बाजू मांडतो. मी वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरसाठी प्लगइन, म्हणजे जोडायच्या सुविधा, करतो आणि माझे जवळजवळ सगळे ग्राहक परदेशात आहेत. विनामूल्य आवृत्ती वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात आहे, तिथून लोक येतात आणि त्यातले थोडे जण सशुल्क आवृत्ती घेतात. जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात, त्यामुळे शंभरातल्या एकाने घेतले तरी पुरते. मला कोणाच्या दारात जावे लागत नाही, पहाटे उठावे लागत नाही, किंमत डॉलरमध्ये मिळते. देशोदेशींचा विक्रीकर मी स्वतः पाहत नाही. जी सेवा माझ्या वतीने विक्रेता म्हणून उभी राहते ती तो गोळा करून भरते आणि आपला टक्का कापून उरलेले मला पाठवते. इथे जीएसटी नोंदणी आणि निर्यातीसाठीचे हमीपत्र ठेवले की कर शून्य दराने लागतो.

एका बाजारात इतके खोल उतरण्यापेक्षा आपले कौशल्य मोठ्या बाजारात का नेऊ नये, असा माझा प्रश्न आहे.

चरई_ठाणे

पाचपाखाडी, आपला मुद्दा चुकीचा नाही, पण संग्रहातल्या शोधाचा क्रम बदलला तेव्हा आपली विक्री तीन महिने निम्म्यावर आली होती असे आपणच दुसऱ्या एका चर्चेत लिहिले होते. ज्या दुकानात आपण माल ठेवतो त्याचे मालक आपण नसतो. तिथे स्पर्धकही हजारो असतात. पहाटे साडेतीनला तुर्भ्यात जाऊन मेहताजींजवळ उभा राहणारा स्पर्धक यांना सहजासहजी मिळणार नाही.

पाचपाखाडी

ते मान्य आहे. त्या तीन महिन्यांत मी पुन्हा नोकरीसाठी अर्ज करायला लागलो होतो.

ऐरोलीकर

मी ऐरोलीत एका आयटी कंपनीत नोकरी करतो आणि असेच काही सुरू करण्याचा विचार आहे. एक शंका आहे. शेतकऱ्याला पट्टी व्हॉट्सअॅपवर किंवा एसएमएसने जात असेल, तर तिच्या तळाशी आपल्या सॉफ्टवेअरचे नाव घालता येईल ना? एका गाळ्यावरून दिवसाला पन्नास पट्ट्या गेल्या तर पन्नास शेतकरी ते नाव वाचतील.

फळबाजार_गाळा

घालता येईल, पण गाळ्याला विचारून. पट्टी आमच्या पेढीच्या नावाने जाते. तिच्यावर दुसऱ्याचे नाव आमच्या नावापेक्षा मोठे दिसले तर वडील ते एक दिवसही चालवून घेणार नाहीत. लहान अक्षरांत, सगळ्यात खाली असेल तर हरकत नाही. उलट शेतकरी इतर गाळ्यांना ‘तुमची पट्टी तशी संध्याकाळपर्यंत का येत नाही’ असे विचारतील आणि ते आम्हाला आवडेल.

नेरूळचा_विकसक

चार महिन्यांनी. आंब्याचा हंगाम संपला, म्हणून सविस्तर लिहितो.

किंमत १२,००० केली. जुन्या गाळ्यांना आणखी एक वर्ष जुनाच दर ठेवला आणि पुढच्या वर्षी काय दर असेल ते आताच लेखी कळवले. ४३ पैकी पाच गेले. ते पाचही नव्या दरामुळे गेलेले नाहीत, कारण त्यांना तो लागूच नव्हता. नवे १४ आले, सगळे १२,००० ने. आज ५२ गाळे आहेत आणि वर्षाचे उत्पन्न ३,५०,४०० रुपये आहे. घर चालायला हे अजून पुरेसे नाही, पण बचत दिवाळीऐवजी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जाईल. किंमत ऐकून नाही म्हणणारे तीन भेटले. तिघांनीही आधी ‘माझ्या मेहताला जमेल का’ हे विचारले होते आणि मला त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नव्हते. हिशेबनीस, आपण बरोबर होता.

१४ पैकी ११ शेजारच्या गाळ्यावर पाहून किंवा शेतकऱ्याने विचारल्यामुळे आले. पट्टीच्या तळाशी नाव आहे, सर्वांत लहान अक्षरांत, आणि ते काढून टाकण्याची सोय गाळ्याच्या हातात आहे. आतापर्यंत चौघांनी काढले. एसएमएस मी बंद केले, कारण व्यावसायिक एसएमएससाठीच्या डीएलटी या नोंदणी प्रणालीवर हेडर (पाठवणाऱ्याचे नाव) आणि मजकुराचा प्रत्येक साचा नोंदवावा लागतो आणि पट्टीतली एक ओळ बदलली तरी नवा साचा. आता व्हॉट्सअॅपवर पट्टीचे चित्र जाते. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्या शेतकऱ्यांसाठी गाडीवाल्याबरोबर छापील कागद पूर्वीसारखाच जातो.

चरई यांचे तीन फोन मी तीन भेटी केल्या. दुसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या दिवशी पहाटे गाळ्यावर उभा राहतो. एका वेळी दोनच नवे गाळे घेतो, तिसरा आला तर त्याला दहा दिवसांनंतरची तारीख देतो. सुरुवातीला हे मला धाडसाचे वाटत होते, पण तारीख दिलेल्यांपैकी फक्त एक जण थांबला नाही. नव्या चौदांपैकी तेरा गाळे आज पट्ट्या थेट काट्याजवळ भरतात. चौदाव्या ठिकाणी मेहताजी अजून वहीच वापरतात आणि मी तिथे आठवड्यातून एकदा जातो.

नूतनीकरणाच्या तारखाही बदलल्या. फळवाल्यांची वर्गणी आता एप्रिलमध्ये संपते, भाजीवाल्यांची दिवाळीच्या सुमारास, वहीपूजनाच्या आधी. तारखा जुळवण्यासाठी काहींना दोन-चार महिने अधिकचे द्यावे लागले आणि ते मी आनंदाने दिले.

सर्वांत अवघड होता विश्वासाचा प्रश्न. फळबाजार यांनी लिहिलेले वाक्य माझ्या मनात बसले होते. प्रत्येक गाळ्याची माहिती आता वेगळ्या किल्लीने कुलूपबंद असते आणि शेतकऱ्याचे नाव व फोन नंबर मला उघड दिसत नाहीत. दुरुस्तीसाठी मला आत जायचे असेल तर गाळेमालकाच्या फोनवर परवानगीचा संदेश जातो आणि मी कधी, किती वेळ आत होतो याची नोंद त्याला पाहता येते. हे मी मराठीत एका पानावर लिहून, सही करून देतो. त्यात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचाही उल्लेख आहे. एका आडत्याने ते पान वाचले, घडी घालून गल्ल्यात ठेवले आणि मग विचारले, ‘हे सगळे ठीक, पण तुम्ही एकटेच आहात. उद्या तुम्हाला काही झाले तर माझ्या उधारीचे काय?’ त्याला मी सध्या एवढेच दाखवू शकलो की एक बटण दाबले की त्याचा सगळा हिशेब एक्सेलमध्ये निघतो. त्याने घेतले, पण त्याचे समाधान झालेले नाही आणि माझेही नाही.

घोडबंदरकर

हा प्रश्न मलाही एका ग्राहकाने विचारला होता आणि मी तो टाळला होता. एक्सेलचे बटण पुरेसे नाही, कारण पहाटे चार वाजता सर्व्हर बंद पडला तर ते बटणही चालणार नाही. रोज दुपारी, बाजार संपल्यावर, त्या दिवसाचा पूर्ण हिशेब आपोआप गाळेमालकाच्या ईमेलवर जाऊ द्या. म्हणजे सर्वांत वाईट दिवशीही त्याचे नुकसान एका पहाटेपुरते राहील.

पाचपाखाडी

त्यात मी एक भर घालू शकतो. माझे काम रात्रीचे असते, म्हणजे आपण झोपलेले असता तेव्हा मी जागा असतो. सर्व्हर पुन्हा सुरू कसा करायचा, बॅकअप कुठे आहेत, कोणाला कळवायचे, एवढे दोन पानांवर लिहून मला दिलेत तर आपण आजारी असताना किंवा गावी गेलेले असताना मी तेवढे पाहू शकतो. शेतकऱ्यांची नावे पाहण्याची परवानगी मला नको, फक्त सर्व्हर चालू ठेवण्यापुरती द्या. माझ्या प्लगइनसाठी तसेच दोन कागद मी आपल्याला देईन. पैशाचा व्यवहार नको.

नेरूळचा_विकसक

रोजचा ईमेल या आठवड्यातच सुरू करतो, घोडबंदरकर. पाचपाखाडी, दोन पाने आज रात्री लिहायला घेतो. लिहून झाल्यावर ती मी समोर नसताना आपण एकदा वापरून पाहावीत, म्हणजे कुठे काही सुटले असेल तर कळेल. रविवारी बाजार बंद असतो, त्या दिवशी मी चाचणीचा सर्व्हर मुद्दाम बंद करून ठेवतो. सकाळी दहा वाजता सानपाडा स्थानकाच्या बाहेर भेटू या, आणि त्या आडत्यालाही येण्याची विनंती केली आहे.